गुळाची तुला

"श्वास आत घे," थोरली काकू म्हणाली आणि माझ्या पदराला आणखी एक पिन टोचली.

"घेतलाय."

"आणखी घे. आन् देवळातनं माघारी येईस्तवर सोडू नगोस."

"मग देवळातनं मला उचलूनच आणायला लागंल काकू. आणि ते कुणाला जमायचं नाही."

काकू हसली नाही. तिनं माझ्याभोवती एक फेरी मारली, जनावरांच्या बाजारात बैल बघतात तसं कमरेकडे, दंडाकडे, पाठीकडे बघून घेतलं आणि पदर आणखी खाली ओढला. साडी गडद जांभळी होती. गडद रंगात माणूस बारीक दिसतं असा तिचा पक्का समज. आईनं माझ्यासाठी मुद्दाम हिरवीगार इरकल आणून ठेवली होती, पण ती काकूनं सकाळीच परत ट्रंकेत टाकली. "हिरव्यात तू अख्खा उसाचा फड दिसशील," असं तिचं म्हणणं. आई दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती आणि नेहमीसारखीच काही बोलत नव्हती.

आमचं गाव कोल्हापूरकडच्या उसाच्या पट्ट्यातलं. त्या दिवशी भावेश्वरीची यात्रा होती आणि यात्रेत माझी गुळाची तुला व्हायची होती. मी सातव्या महिन्यात जन्मलेली. तालुक्याच्या डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा आई तशीच ओली बाळंतीण भावेश्वरीच्या पायरीवर जाऊन बसली आणि नवस बोलून आली. काय बोलली ते तिनं कुणाला नीट सांगितलं नाही. घरात एवढंच माहीत होतं की पोरगी जगली तर लग्नाआधी तिची गुळाची तुला करायची.

मी जगले. नुसती जगले नाही, चांगली दणकट जगले. तुला मात्र लांबत गेली. आधी दिवस वाईट होते म्हणून, मग आण्णा वारले म्हणून. आण्णा म्हणजे माझे वडील. ते गेल्यावर घराची सूत्रं थोरल्या चुलत्यांकडे, म्हणजे आबांकडे गेली. खरं तर ती काकूकडे गेली, आबा नुसते मान डोलवायला होते. आणि मी वयात आल्यापासून काकूचं एकच पालुपद सुरू झालं, "पुढच्या यात्रेला करू. जरा उतरू दे पोरीला." दर वर्षी यात्रा यायची, दर वर्षी मी उतरलेली नसायची आणि दर वर्षी नवस पुढं ढकलला जायचा.

आईनं एकदाच माझ्याजवळ मन मोकळं केलं होतं. "देवीचं अंगावर ठिवलं म्हणून तुझं आण्णा गेलं," ती म्हणाली होती. मी तिला हजार वेळा समजावलं की आण्णांना काविळीनं नेलं, देवीनं नाही. ती मान हलवायची. पण नवस फिटल्याशिवाय तिच्या काळजावरचा धोंडा उतरणार नाही, हे मला दिसत होतं. मला स्वतःला देवीचं फारसं वेड नव्हतं. आईसाठी मात्र मला ती तुला मनापासून करायची होती.

आता ती टाळणं काकूलाही शक्य नव्हतं, कारण माझं लग्न ठरलं होतं.

मुलगा शेजारच्या गावातल्या मगदुमांचा. नाव सर्जेराव, साखर कारखान्यात नोकरीला, दिसायला नीटनेटका. बघायला आले तेव्हा त्याच्या आईनं पोह्यांची दुसरी बशी संपवता संपवता मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "पोरगी गुणाची हाय. पर आमच्या दारातनं आत याय पायजे न्हवं?"

सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्यांच्या आधी आपण हसलं की कमी लागतं, हे मी शाळेत असतानाच शिकले होते. गावच्या दूध संस्थेत मी कामाला होते, लोकांच्या दुधाची फॅट काढायची. बापये किटली पुढं करून हमखास म्हणायचे, "म्हशीची किती लागली सांग रत्ना, तुझी दिसतीयाच." म्हशीची वाढली की खूश व्हायचे आणि माझ्यावर फुकटात हसून घ्यायचे. तिथंही मी हसायचे. आता आठवलं की माझंच मला नवल वाटतं.

मगदूमबाईंनी होकार दिला तो एका अटीवर. लग्नापर्यंत पोरीनं वजन उतरवायचं. झालं, दुसऱ्या दिवसापासून काकूनं माझं खाणं ताब्यात घेतलं. सकाळी मुगाचं पाणी, दुपारी अर्धी भाकरी, संध्याकाळी उरलेली अर्धी. गुळाच्या डब्याला कुलूप आणि किल्ली काकूच्या कमरेला. पहाटे बांधाबांधानं चालायचं, तेसुद्धा गाव उठायच्या आत, म्हणजे कुणाला हसायला मिळू नये. मला चक्कर यायची, संस्थेत उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. आई ताटात अर्धी भाकरी वाढताना माझ्याकडे बघायची नाही. आणि एवढं करून वजन जागचं हललं नाही ते नाहीच.

"आता असं करायचं," काकू पदर सारखा करत म्हणाली, "बसायचं, वर बघायचं न्हाई, खाली बघायचं न्हाई. गुरव चांगभलं म्हणला की उठायचं. मगदूमबाई येणार हाईत, सर्जेराव येणार हाईत. त्यांच्यासमोर शोभा नगो. बाकी समदं मी बघितलंय."

"काय बघितलंय?"

"तुला काय करायचंय? तू श्वास धर."

बाहेर पडताना सोप्याच्या कोपऱ्याकडे सहज नजर गेली. आमचं जुनं दगडी जातं तिथं नव्हतं. ते जिथं कायम असायचं तिथं जमिनीवर नुसता गोल उमटलेला होता. यात्रेच्या साफसफाईत कुणी हलवलं असेल, असं म्हणून मी पुढं झाले.

देवळापुढचा मांडव माणसांनी फुलला होता. मधोमध लाकडी तराजू. जाड तुळईची दांडी, दोन्हीकडे साखळ्या आणि साखळ्यांना फळ्यांची दोन पारडी. आमच्याकडची रीत अशी की पारडी आधी जमिनीवर टेकलेली असतात. एका पारड्यात माणूस बसतं, मग मांडवाच्या वाशावरून टाकलेला दोर ओढून दांडी वर घेतात आणि दुसऱ्या पारड्यात गूळ चढवत जातात. गुळाचं पारडं घरच्या माणसांनी सजवायचं असतं, नवं कापड अंथरून, कडेनं हळदीकुंकू लावून. आमचं पारडं काकूनं आणि आबांनी पहाटेच येऊन सजवलं होतं. त्यावर चांगलं जाडजूड घडीचं जोडधोतर अंथरलेलं होतं. शेजारी गुळाच्या ढेपांची रास होती. ती आईनं रचून घेतली होती. आईच्या भावाच्या गुऱ्हाळातला ताजा, पिवळाधमक गूळ. रास बघून बायका तोंडाला पदर लावत होत्या. आईनं ढेपा आणवल्या होत्या त्या माझ्याकडे नीट बघूनच.

शिवाप्पा गुरव देवीचा म्हातारा पुजारी. त्यानं माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि हात धरून मला पारड्यात बसवलं. दोर ओढला, तशी दांडी कुरकुरत वर गेली. गुळाकडची बाजू उचलली गेली, माझी होती तिथंच राहिली.

"गुरव, साखळी बघितलीया न्हवं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"साखळीचं सोड, वासा बघा!" दुसरा म्हणाला.

मांडव खदखदला. मी सवयीनं हसायला तोंड उघडलं, पण श्वास धरलेला होता, त्यामुळे हसू आलंच नाही.

गुरवानं ढेप उचलून पारड्यात ठेवली. हलगी कडाडली. आणखी एक ठेवली, मग आणखी एक. समोर पहिल्या रांगेत मगदूमबाई हातात पंखा घेऊन बसल्या होत्या, शेजारी इस्त्रीच्या कपड्यातला सर्जेराव. बाई ढेपांकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी अशी काही दिसत नव्हती.

आणखी थोड्या ढेपा चढल्या आणि एकदम माझे पाय जमिनीवरून सुटले.

"झालं! झालं!" काकूनं टाळ्या पिटल्या. "म्हणा चांगभलं!"

लोक चकित झाले. "एवढ्यातच?" अशी कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी तर म्हणाली, "बघा, उगच नावं ठिवत हुता पोरीला. हाडंच मोठी हाईत तिची." मगदूमबाईंनी चारीकडे मान फिरवून घेतली, बघितलंत ना, अशा थाटात. माझं लग्न त्या क्षणाला अगदी पक्कं झालेलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं.

मी राशीकडे पाहिलं. रास जवळजवळ तशीच होती. मग आईकडे पाहिलं. आईही राशीकडेच बघत होती. तिला कळलं होतं. कसं ते कळलं नसेल, पण देवीला द्यायचा गूळ अजून खालीच पडलाय, एवढं तिला दिसत होतं. इतकी वर्षं थांबून, आण्णांना गमावून, अखेर नवस फिटणार होता तो असा अर्धामुर्धा. आणि ती नेहमीसारखीच बोलणार नव्हती.

गुरव हात वर करून चांगभलं म्हणणार, तेवढ्यात मी पारड्यातून खाली उतरले.

माझं पारडं वर उसळलं आणि गुळाचं खाली आदळलं. गूळ पडला तर धप्प असा आवाज येतो. हा आवाज खणखणीत दगडाचा होता. सगळ्यांनी ऐकला. हलगी थांबली.

मी जाऊन ढेपा बाजूला सारल्या आणि जोडधोतर ओढून काढलं. खाली आमचं जातं होतं. वरची तळी आणि खालची तळी, शेजारी शेजारी, बसवून ठेवलेली.

आबा खांबाआड सरकले.

"बस माघारी," काकू माझ्याजवळ येऊन दातओठ खात म्हणाली. "बस म्हणते न्हवं! तुझ्याच अब्रूसाठी केलंय मी हे."

"माझ्या अब्रूसाठी देवीला जातं खायला घालणार होतीस होय काकू?"

मांडवात हशा पिकला. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलले त्यावर लोक हसले, माझ्यावर नाही. त्याचा मला केवढा जोर आला!

मगदूमबाई उठून उभ्या राहिल्या. "तिला कशाला बोलतीस? मीच सांगितलं हुतं तसं कराय. सुनेचं वजन चार गावच्या माणसांत मांडायचं म्हंजे काय? आमाला त्वांड दाखवायचं हाय का न्हाई?"

मी सर्जेरावाकडे पाहिलं. मनात अजून एक वेडी आशा होती की याला ठाऊक नसेल. "तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. "पाच मिनिटांचा तर प्रश्न होता," तो हळू आवाजात म्हणाला. "गप बसायचं होतं की."

माझ्या आत काहीतरी कायमचं जागेवर बसलं. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. राग आला, आणि तो राग मला फार आवडला. मी पदराच्या पिना एकेक करून काढल्या आणि काकूच्या हातावर ठेवल्या. मग सकाळपासून धरलेला श्वास सोडला.

"शिवाप्पा," मी म्हणाले, "जातं बाहेर काढा. मी परत बसते."

"आगं, शोभा हुईल गं!" काकूचा आवाज फुटला. "समदी बघत्यात. एकदा समद्यांच्या डोळ्यापुढं आलं की पुन्यांदा कुनी..."

"बघू देत."

हे मी म्हणाले नव्हते. हे आई म्हणाली होती.

ती पुढं आली. गर्दीत बोलायची तिला सवय नव्हती. आधी गुरवाकडेच बघून बोलू लागली. "शिवाप्पा, तुमास्नी आठवतंय? मी ह्याच पायरीवर बसले हुते. पोर पदरात हुती. हातात घेतली तर काईच लागायचं न्हाई हाताला. नुसता कापूस."

"आठवतंय की," म्हातारा म्हणाला.

"लोक म्हणत्यात, मी पोर जगू दे म्हटलं. न्हाई. मला कळतच न्हवतं जगणं म्हंजे काय. मला नुसतं हे कळत हुतं की पोरीला वजन न्हाई. म्हणून मी म्हटलं, आई भावेश्वरी, हिला वजन दे. भरपूर दे. कमी करू नगो. जेवढं तू देशील तेवढा गूळ मी तुला घालीन." तिनं डोळे पुसले आणि मग एकदम मगदूमबाईंकडे वळली. तिचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "मागून घेतलंय मी हे! काय मागितलं ते भरभरून दिलं तिनं. आन् मी चांडाळीण, देवीनं दिलेलं कमी हुईल का म्हणून वाट बघत बसले. पोटच्या पोरीला अर्धी भाकरी वाढली मी. अर्धी!"

जन्मभर ज्याला मी माझं पाप समजत आले, ते माझ्या आईनं पदर पसरून मागितलेलं होतं.

गुरवानं दोघा गड्यांना बोलावून जातं बाहेर काढलं आणि देवळाच्या भिंतीशी टेकवून ठेवलं. मी पारड्यात बसले, चांगली ऐसपैस, मांडी घालून. वर बघितलं, खाली बघितलं, ज्याच्याकडे बघावंसं वाटलं त्याच्याकडे बघितलं. ढेपा चढू लागल्या. आता प्रत्येक ढेपेला शिवाप्पा चांगभलं म्हणत होता आणि मांडव त्याला साथ देत होता. मघाशी साखळीची चौकशी करणारा तोच बापई पुढं येऊन ढेपा उचलू लागला. ढेपा किती चढल्या ते मला ठाऊक नाही. मी त्या मोजल्या नाहीत आणि मोजणाऱ्यांना अडवलंही नाही.

मग माझं पारडं पुन्हा जमिनीवरून सुटलं. मी वर गेले, हळूहळू, दोरावर झुलत. लहानपणानंतर मला कुणी उचललंच नव्हतं. माझ्या आईएवढी उंच झाले आणि तिच्या डोळ्यांत बघितलं. रास संपली होती, शेवटची ढेप पारड्यात होती आणि दांडी एका रेषेत आडवी स्थिरावली होती.

"भावेश्वरीच्या नावानं," शिवाप्पा ओरडला, आणि सगळा मांडव म्हणाला, "चांगभलं!"

मगदूम मंडळी निघायच्या तयारीत होती. शिवाप्पानं त्यांना हात आडवा केला. "तुलेचा परसाद घेतल्याबिगर मांडवातनं कुणी जात न्हाई पाव्हणं. देवीचा रिवाज हाय."

ढेप फोडून ताट भरलं आणि ते ताट मी माझ्या हातात घेतलं. पहिला खडा मगदूमबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी हात आखडता घेतला, पण सगळं गाव बघत होतं आणि देवीचा प्रसाद नाकारायची छाती कुणाची? त्यांनी माझ्या वजनाचा गूळ कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

"गोड आहे ना?" मी विचारलं.

"हाय," त्या पुटपुटल्या.

सर्जेरावासमोर ताट धरलं. त्यानं दोन्ही हात पुढं केले. मी म्हणाले, "घरी जाऊन सोयरीक मोडल्याचा निरोप धाडायची तसदी घेऊ नका. मीच इथं सांगते. मला हे लग्न करायचं नाही. गूळ मात्र घ्या."

त्यानं घेतला. कपाळाला लावला. खाल्ला. मान वर केली नाही.

संध्याकाळपर्यंत मी आणि आई घराघरांत गूळ पोचवत फिरलो. मी ट्रंकेतली हिरवी इरकल काढून नेसले होते. ज्यांनी मला शाळेत पिंप म्हटलं त्यांनी, संस्थेत किटली पुढं करून विनोद करणाऱ्यांनी, खिडकीतून माझं चालणं बघून हसणाऱ्या त्यांच्या बायकांनी, सगळ्यांनी माझं वजन दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि चघळून खाल्लं. एकानंही नको म्हटलं नाही. दोघातिघांनी तर आणखी मागितलं.

घरी आलो तेव्हा काकू चुलीपाशी बसली होती. तिचे डोळे सुजले होते. मी तिच्यापुढंही ताट धरलं. "मला वाटलं, तुझं भलं हुईल," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं, हेही मला ठाऊक होतं. तिनं खडा कपाळाला लावला, खाल्ला, आणि कमरेची किल्ली सोडून आईपुढं ठेवली.

आईनं ती उचलली नाही. तिनं परातीत पीठ घेतलं आणि भाकऱ्या थापायला बसली. पहिली टम्म फुगलेली भाकरी तिनं अख्खी माझ्या ताटात टाकली, त्यावर तूप आणि बचकभर गूळ घातला आणि या वेळी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी सावकाश, पोटभर जेवले. दुसरी भाकरी मी मागून घेतली.